उलट्या चित्रातला सरळ वाडा

मागील खेपेस या सदरात जुन्या वाड्यांच्या लाकडी कमानींविषयी लिहिले होते. त्यावर देवासच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांच्या घरी आजोबांच्या काळातील वाड्याचे एक छायाचित्र आहे. त्यात वाडा कसा ओळंब्यात उभा आहे. त्याच वाड्याचे नातवाने मोबाइलवर टिपलेले चित्र मात्र मागे रेललेले. 'वाडा म्हातारा झाला, की चित्र काढण्याची विद्या?' असा त्यांचा मिश्किल प्रश्न आहे. प्रश्न वाचून मला हसू आले आणि लगेच थोडे उदासही वाटले. कारण यंदाच्या फेब्रुवारीत हाच प्रश्न माझ्यापुढे फार निकडीने उभा होता, आणि उत्तर शोधण्यासाठी माझ्याजवळ फिल्मचे अवघे सहा तुकडे होते.

मल्हारगंजातील एका आडगल्लीत आमचा वाडा होता. 'होता' हे क्रियापद लिहिताना लेखणी अजून अडखळते. पाच चुलत घरांच्या सह्या झाल्या, व्यवहार ठरला आणि रंगपंचमीची गेर पार पडली की पाडकाम सुरू होईल असे कळले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. माडीचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि तेथे राहणारे कोणी उरले नव्हते. माझी आत्या, वय वर्षे शहाऐंशी, तेवढी म्हणाली, "पाडा बापडे. पण माझ्या माडीच्या खिडकीचा एक नीट फोटो काढून ठेव रे. मोबाइलचा नको, दादाच्या पेटीतला."

दादा म्हणजे माझे काका. ते चित्रकलेचे शिक्षक होते आणि शाळाशाळांतून मुलांची गटचित्रे काढण्याचा त्यांचा जोडधंदा होता. त्यांची 'पेटी' म्हणजे आलेप्पीच्या 'वागेश्वरी' कारखान्याचा हाफ प्लेट कॅमेरा: सागवानी अंग, पितळी पट्ट्या, मध्ये कातडी भाता, पुढे भिंग आणि पाठीमागे दुधी काच. काका २००३ साली गेले. पेटी माझ्याकडे आली ती कपाटावर चढली. फिल्मची सोय एका डॉक्टर पुतण्याने केली. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मचे तीन तक्ते त्याच्याकडे पडून होते. लाल दिव्याच्या अंधुक उजेडात ते कापून मी सहा तुकडे केले. ही फिल्म दोन्ही अंगांनी मसाला लावलेली असते, म्हणून चित्र थोडे मऊ येते. पण हौसेला मोल नसते आणि निवडीला वाव नव्हता.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळतो. उंच इमारतीचा माथा चौकटीत बसेना की आपण कॅमेरा वर करतो. कॅमेरा वर झाला की त्याच्या पोटातील फिल्मही कलते, इमारतीच्या भिंतीशी समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकू लागतात. आपल्या राजवाड्यापुढच्या बागेत कोणत्याही संध्याकाळी उभे राहा. मल्हारराव होळकरांच्या त्या सात मजल्यांना, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, शेकडो हात रोज मोबाइलमध्ये मागे पाडत असतात. आताचे मोबाइल तो कल आपणहून सरळही करून देतात. मात्र त्यासाठी चित्र वरच्या अंगाला ताणावे लागते आणि ताणलेल्या भागातील बारकावा विरळ होतो.

काकांच्या पेटीत याला निराळा उपाय होता. कॅमेरा वर करायचाच नाही. पाठ ओळंब्यात ठेवायची आणि नुसते भिंग, ज्या फळीवर ते बसवलेले असते त्या फळीसह, खाचेतून वर सरकवायचे. फिल्म भिंतीला समांतर राहते, रेषा उभ्याच राहतात आणि चित्राची चौकट मात्र भिंतीवर वर चढते. दुधी काचेवर चित्र उलटे पडत असल्यामुळे पाहणाऱ्यास मौज वाटते. भिंग वर जाऊ लागले की जो माथा आधी दिसत नव्हता तो काचेच्या खालच्या कडेने आत येतो. लहानपणी काळ्या कापडाखाली डोके घालून राजवाड्याचा सज्जा असा पाण्यातून वर यावा तसा आलेला मी पाहिला आहे.

या विद्येचे इंदूरशी नाते जुने आहे. लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४ चा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम अंदाजपत्रके करण्याचे आणि नकाशे काढण्याचे. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, याच गावात. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. पुढे १८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर हिंडून त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची जी चित्रे घेतली, त्यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला. निजामाच्या दरबारातील मानमरातब, सिकंदराबाद आणि मुंबईची चित्रशाळा, हे सर्व त्यानंतरचे. माझ्या मनात मात्र कचेरीत टाक आणि पट्टी घेऊन बसलेले दीनदयाळच येतात. ज्याने आठ वर्षे नकाशावर लंबरेषा ओढल्या, त्याला काचेवरची कललेली भिंत सहन झाली नसती. त्यांच्या वास्तुचित्रांतील खांब पाहावेत. ते उभे आहेत. काका त्यांना 'आपल्या खात्यातला माणूस' म्हणत. एक चित्रकलेचा मास्तर, दुसरा नकाशाकार, म्हणून असेल.

वाड्यापुढे पेटी मांडायला जागा मिळाली तीही विचित्र रीतीने. पूर्वी गल्ली इतकी अरुंद होती की वाड्याचा पूर्ण दर्शनी भाग कोणालाच कधी एका दृष्टिक्षेपात दिसला नव्हता. रस्तारुंदीकरणात आमच्या अंगणाची पुढची भिंत आणि दिंडी गेली. समोरचे घर त्याच्या मालकांनी आधीच उतरवले होते. त्या रिकाम्या जागेत तिपाई उभी केली तेव्हा वाड्याची भिंत सेहेचाळीस फुटांवर आली.

गणित सोपे आहे आणि माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही जमते. भिंगाचे नाभीय अंतर सव्वाआठ इंच, म्हणजे भिंतीचे अंतर त्याच्या सुमारे सदुसष्ट पट. फिल्म साडेसहा इंच उंच, म्हणून भिंतीच्या ठिकाणी चौकट छत्तीस फुटांची. पण भिंग जमिनीपासून पाच फुटांवर असल्यामुळे चौकटीचा मध्यही पाच फुटांवरच येतो. वर मिळतात तेवीस फूट. वाडा अठ्ठावीस फुटांचा. कौले आणि नेमकी आत्याची खिडकी बाहेर, आणि चौकटीचा खालचा मोठा हिस्सा रस्त्याच्या धुळीला. भिंग एक इंच वर सरकवले की चौकट भिंतीवर साडेपाच फूट चढते. मी सव्वा इंच सरकवले. माथा तीस फुटांवर गेला आणि कौलांवर थोडे आभाळही आले.

यापुढे खरी कसोटी होती ती फोकसची, आणि तेथे मी दोनदा चुकलो.

पहिली चूक कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वीच झाली होती. दुधी काचेवर वीस वर्षांची बुरशी चढली होती म्हणून ती काढून साबणाने धुतली आणि पुन्हा बसवली. आदल्या संध्याकाळी उजेड कमी, म्हणून भिंग पूर्ण उघडे ठेवून एक तुकडा खर्ची घातला. काचेवर चित्र सुरीच्या धारेसारखे होते. निगेटिव्हमध्ये वाडा धुक्यात. रात्री अंथरुणात पडल्यावर कारण सुचले. दुधी काचेला एक गुळगुळीत आणि एक खरखरीत अंग असते. चित्र खरखरीत अंगावर उमटते आणि फिल्म नंतर नेमकी त्याच ठिकाणी येते, म्हणून खरखरीत अंग भिंगाकडे असावेच लागते. मी काच उलटी बसवली होती. दोन मिलिमीटर जाडीच्या काचेने फोकसची जागा एक मिलिमीटरहून अधिक हलते. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण हिशेब केला तर माझा फोकस दर्शनी भिंत सोडून तीस-बत्तीस फूट पलीकडे, वाड्याच्या पोटात, मागच्या चौकात जाऊन बसला होता. तेथे टिपण्यासारखे काही नव्हते. उठून पाच मिनिटांत काच फिरवली. आता पाच तुकडे उरले.

दुसरी चूक विद्वत्तेची. तिचे मूळ महेश्वरात आहे.

मी सहावी-सातवीत असताना काकांबरोबर महेश्वरच्या घाटावर गेलो होतो. त्यांना पायाजवळच्या फरशीपासून नर्मदेच्या पैलतीरापर्यंत सगळे रेखीव हवे होते. भिंग सरळ असेल तर फोकसचे प्रतलही भिंतीसारखे उभे असते. जवळची फरशी धरावी तर पैलतीर सुटतो. काकांनी भिंगाच्या फळीचे दोन स्क्रू सैल करून भिंग किंचित पुढे झुकवले. प्रथम पैलतीर स्पष्ट केला. मग जवळच्या दगडासाठी भाता किती ताणावा लागतो ते पाहिले. भिंग जरा झुकवून पुन्हा पैलतीर, पुन्हा दगड. दर खेपेस दोन जागांमधला फरक कमी होत गेला. तो वाढला असता तर कल चुकीच्या दिशेने होतो आहे असे समजायचे. पाचव्या खेपेस चाक न फिरवताच काचेच्या वरच्या कडेला दगड आणि खालच्या कडेला पैलतीर, दोन्ही एकदम धारदार झाले. उभी भिंत आडवी होऊन घाटावर निजली होती.

या चमत्काराचा नियम थेओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. आकाशातून घेतलेल्या तिरप्या चित्रांवरून नकाशे करता यावेत यासाठी त्याची खटपट चालली होती. त्याचे ब्रिटिश पेटंट १९०४ चे. झ्यूल कार्पांत्ये या फ्रेंच गृहस्थाने हीच गोष्ट १९०१ साली नोंदवली होती आणि शाइमफ्लुगने ते मोकळेपणाने मान्य केले. नाव मात्र एकाचेच राहिले. नियम असा, की फिल्मचे प्रतल, भिंगाचे प्रतल आणि फोकसचे प्रतल मनाने वाढवत नेली तर तिन्ही एकाच रेषेत मिळतात, पुस्तकाची तीन पाने शिवणीत मिळावीत तशी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हॅरल्ड मर्कलिंजर या कॅनडातील अभ्यासकाने त्यात एक व्यवहारोपयोगी भर ठळक केली. भिंग झुकवले की त्याच्या खाली ठरावीक अंतरावर जणू एक बिजागरी तयार होते, आणि चाक पुढेमागे केल्याने फोकसचे प्रतल त्या बिजागरीभोवती दारासारखे फिरते. बिजागरी किती खाली, हे भिंगाचे नाभीय अंतर आणि कल यांवरून ठरते. सव्वाआठ इंची भिंग आठ अंश झुकवले की ती बरोबर पाच फुटांवर येते. भिंगाची उंची तेवढीच असेल तर बिजागरी जमिनीवर, आणि दार पूर्ण उघडले की जमीनच फोकसमध्ये.

हे सगळे वाचून, पाठ करून मी सकाळी सातला गल्लीत हजर झालो. वाड्यापुढच्या फरशा, तुळशीवृंदावन, ओटा, दार, माडी, कौले, सर्व काही रेखीव यावे ही हाव. मोठ्या ऐटीत भिंग आठ अंश झुकवले, छिद्र एफ २२ वर आणले आणि दुसरा तुकडा उजेडास दाखवला. निगेटिव्ह धुऊन पाहिली तर फरशांच्या सांध्यांतील गवत मोजता येत होते. वृंदावनाचा चौथरा सुरेख. ओटा उत्तम. दाराची कडी ठीक. तेथून वर मात्र वाडा विरघळत गेलेला आणि आत्याची खिडकी म्हणजे एक राखाडी डाग.

का, ते नंतर उमगले. फोकसचे प्रतल जमिनीवर निजवले की स्पष्टतेचा पट्टा पाचरीसारखा होतो: बिजागरीपाशी शून्य आणि दूर जाताना रुंदावत जाणारा. माझ्या मापांनी एफ २२ वर तो वाड्याच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत जेमतेम पाच फूट उंच होत होता. म्हणजे वाडा अठ्ठावीस फूट आणि माझी स्पष्टता दाराच्या कडीपर्यंत. महेश्वरी हे चालले, कारण तेथे उंच असे काही नव्हतेच; फरशी, पाणी, पैलतीर. काकांनी किल्ल्याची तटबंदी चौकटीबाहेर का ठेवली, याचा उलगडा मला चाळीसहून अधिक वर्षांनी मल्हारगंजात झाला. लहान असताना मी त्यांना विचारलेही होते. ते म्हणाले होते, "भिंत आणि जमीन, एकाच वेळी दोघींची मर्जी राखता येत नाही बाळ." मला तेव्हा ते घरातील कोणाविषयी बोलत आहेत असे वाटले होते.

आणखी एक गोष्ट कागदावर आकृती काढल्यावर दिसली आणि मी ओशाळलो. भिंग सव्वा इंच वर सरकवल्यामुळे चौकटीची खालची कडही वर चढली होती. आधी बारा-तेरा फुटांवरची जमीन चित्रात येत होती. आता चित्र वीस फुटांपासूनच सुरू होत होते. म्हणजे स्पष्ट हवे होते ते फक्त वीस ते सेहेचाळीस फुटांमधले. त्यासाठी भिंग झुकवण्याची गरजच नव्हती! जी अडचण एका हालचालीने आपोआप सुटली होती, तिच्यासाठी मी दुसरी हालचाल करून बसलो होतो. शाळेत असा विद्यार्थी भेटला तर मी त्याला काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

मग काकांची साधी रीत धरली. ज्यांच्याकडे अशी पेटी पडून असेल त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगतो. भिंग शून्य कलावर आणून स्क्रू घट्ट केले. गवंड्याकडून पाणसळ आणि ओळंबा मागून आणला होता; त्यांनी पाठ पारखली. काचेचा डावा आणि उजवा कोपरा सारखाच धारदार होतो का, तेही पाहिले. होत नसेल तर कॅमेरा भिंतीला तिरपा उभा आहे. भिंग वर सरकवल्यावर फोकस पुन्हा तपासायचा, कारण जुन्या लाकडात फळी हलताना किंचित कलतेच. येथे एक फसगत होते. काचेचे कडेचे भाग अंधारतात आणि घड्याळजीचे भिंग काचेवर सरळ टेकवून काहीच दिसत नाही. तेथे प्रकाश तिरपा येतो. आपले भिंगही तिरपे करून कॅमेऱ्याच्या भिंगाच्या दिशेने पाहावे, म्हणजे अंधारातून कौले उजळतात.

त्यानंतर चौकटीतील सर्वांत जवळची फरशी स्पष्ट करून रुळावर पेन्सिलीची खूण केली. दर्शनी भिंत स्पष्ट करून दुसरी. दोन खुणांमध्ये अंतर अवघे चार मिलिमीटर. त्यांच्या बरोबर मध्यावर भिंग आणून चाक आवळले. तेव्हा फोकस सुमारे अठ्ठावीस फुटांवर, वृंदावनाच्या जरा पलीकडे येतो. ना धड फरशीवर, ना भिंतीवर. पण छिद्र २२ पर्यंत मिटले की दोन्ही बाजू ओढून घेता येतात. मिटल्यावर काळ्या कापडाखाली निदान एक मिनिट डोळे सरावू द्यावेत आणि मगच चारही कोपरे पाहावेत. माझे वरचे दोन कोपरे किंचित काळवंडले होते. भिंगाने पाडलेल्या प्रकाशाच्या वर्तुळाची कड तेथे संपत होती. ते आभाळातच होते, म्हणून चालवून घेतले.

तिसरा तुकडा त्याच सकाळी घेतला. चौथ्यासाठी आत्याला रिक्षातून आणून ओट्यावर बसवले. ती म्हणाली, "मला कशाला? वाडा काढ." मग पदर सारखा करून न हलता अशी बसली, की अर्ध्या सेकंदाचा उजेड तिने सहज पेलला.

पाडकाम ठरल्या दिवशी सुरू झाले. मी गेलो नाही. काकांच्या निगेटिव्हच्या डब्यात राजवाड्याच्या मागच्या चौकाची एक निगेटिव्ह आहे. १९८४ च्या आगीत तो भाग जळाला, पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली. त्या जुन्या कमानी पाहाव्याशा वाटल्या की मी ती खिडकीच्या उजेडात धरतो. तिच्याच शेजारी आता मल्हारगंजाच्या दोन ठेवल्या आहेत. फिल्मचे दोन तुकडे अजून शिल्लक आहेत.

मोठ्या कागदावर छापून घेतलेले चित्र घेऊन आत्याकडे गेलो. तिने स्वतःकडे पाहिलेही नाही. माझ्या हातातील भिंग घेतले आणि माडीच्या खिडकीवर ठेवून ओठांतल्या ओठांत मोजू लागली. डावीकडून चौथ्या गजाशी थांबली. "हा बघ वाकलेला," ती म्हणाली. "दादाने वाकवलाय. पतंग अडकला होता आत. आईला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही."